पोप झालेली बाई

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मागच्या महिन्यात मंडळाने ‘पोप जोन’ हा चित्रपट दाखवला. तो संपल्यावर सभेत दोन तट पडले. काही जणींचे म्हणणे, ही बाई खरोखरच होऊन गेली आणि पुरुषांनी तिचे नाव पुसून टाकले. काही जणींचे म्हणणे, ही सारी भाकडकथा. तेव्हा याचा छडा लावून कोणीतरी बोलावे असे ठरले, आणि मी सर्वांत जास्त प्रश्न विचारले होते म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजी पुस्तके माझ्या मुलीने वाचून मला अर्थ सांगितला, आणि मी रात्री स्वयंपाकघरातली झाकपाक झाल्यावर तो वहीत उतरवून घेतला. ती वही घेऊन आज उभी आहे.

ज्या भगिनी त्या दिवशी आल्या नव्हत्या त्यांच्यासाठी आधी थोडे सांगते. पोप म्हणजे रोमचे मुख्य धर्मगुरू, जगभरच्या कॅथॉलिक ख्रिस्ती लोकांचे सर्वांत वरचे अधिकारी. २०२५ साली पोप फ्रान्सिस वारले आणि नव्या पोपची निवड झाली, तेव्हा धुराड्यातून पांढरा धूर निघालेला आपण टीव्हीवर पाहिला. आज ती निवड कार्डिनल नावाचे मोठे धर्माधिकारी बंद दाराआड करतात. पण आपली गोष्ट नवव्या शतकातली. तेव्हा रोम शहरातले धर्मगुरू, सरदार आणि सामान्य लोक मिळून पोप निवडत. ही निवड तेव्हा आणि आताही फक्त पुरुषातूनच होते. कॅथॉलिक पंथात स्त्रीला पुरोहितपणाची दीक्षाच नाही, मग पोप होणे दूरच.

चित्रपट २००९ सालचा. दिग्दर्शक जर्मन, झ्योन्के वोर्टमान. डोना वूलफोक क्रॉस या अमेरिकन लेखिकेने १९९६ साली लिहिलेल्या कादंबरीवरून तो काढला आहे. जोनचे काम करणाऱ्या नटीचे नाव योहाना वोकालेक, म्हणजे नाटकातले नाव आणि घरचे नाव एकच! याआधी १९७२ सालीही याच विषयावर एक चित्रपट निघाला होता, त्यात लिव्ह उलमन ही नामांकित नटी होती. तो मी पाहिलेला नाही.

कथा अशी. इ.स. ८१४ मध्ये, शार्लमेन बादशहा वारला त्याच दिवशी, जर्मनीतल्या इंगेलहाइम गावी एका पाद्र्याच्या घरी मुलगी जन्मते. बाप इंग्लंडकडचा, तापट. आई सॅक्सन जातीची, मनातून अजून आपल्या जुन्या देवांना मानणारी. बाप दोन्ही मुलांना शिकवायला बसतो. मुलगी मात्र चुलीपाशी. मोठा भाऊ तिला चोरून अक्षरे शिकवतो आणि पुढे आजाराने जातो. मग एक ग्रीक पंडित घरी येतो, त्याला कळते की या घरात बुद्धी कोणाला आहे ती. बाप म्हणतो, शिकवायचे तर धाकट्या मुलाला शिकवा. त्या मुलाला शिकण्याची मुळीच आवड नाही. पुढे दोघे भावंडे डोरस्टाट गावच्या शाळेत जातात, आणि सगळ्या वर्गात मुलगी एकटी ही.

हा भाग पाहताना माझा घसा दाटून आला होता, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा तालुक्याला. मोटारीच्या भाड्याला पैसे एकाच मुलापुरते होते, ते भावासाठी निघाले. भाऊ दहावीला दोनदा बसला. वडील वाईट नव्हते, मला मारले वगैरे काही नाही. तो विचारच कोणाच्या डोक्यात आला नाही. या खोलीत अशा किती जणी आहेत हे मला माहीत आहे, म्हणून हात वर करायला सांगत नाही.

पुढे गेरोल्ड नावाच्या सरदाराच्या घरी जोन राहते, दोघांचा एकमेकांवर जीव जडतो. सरदाराची बायको तिचे लग्न लोहाराच्या मुलाशी लावून तिला वाटेतून दूर करू पाहते. त्या लग्नाच्याच दिवशी उत्तरेकडचे समुद्री लुटारू येऊन कत्तल करतात. भाऊ मरतो. जोन भावाचे कपडे चढवते, त्याचेच नाव घेते आणि फुल्डाच्या मठात साधू म्हणून दाखल होते. तिथे वैद्यकी शिकते. बिंग फुटायची वेळ आली तशी तिथून निसटते आणि रोमला पोहोचते. रोमला पोप सर्जियस संधिवाताने आणि खाण्यापिण्याच्या अतिरेकाने जर्जर झालेले. जॉन गुडमन या धिप्पाड नटाने ते काम झकास केले आहे. जोन त्यांना पथ्यपाणी करून बरे करते आणि त्यांच्या विश्वासातली होते. सर्जियसवर विषप्रयोग होतो आणि लोक तिलाच, म्हणजे त्या ‘बंधू जॉन’ला पोप निवडतात. तोवर गेरोल्डही रोममध्ये आलेला असतो. तिला दिवस जातात. ईस्टरच्या मिरवणुकीत, भर रस्त्यात, तिचा गर्भपात होतो आणि ती तिथेच प्राण सोडते. त्याच वेळी गेरोल्डलाही मारतात. तिचा वैरी अनास्तासियस पोपांच्या चरित्रांचा ग्रंथ लिहितो, त्यातून तिचे नाव गाळतो. आणि शेवटी कळते की ही गोष्ट आपल्याला सांगणारा बिशप हासुद्धा पुरुषवेषातली बाईच आहे. जोनने तिला लहानपणी अक्षरओळख करून दिली होती.

आता हे खरे किती?

जोनचा काळ म्हणतात तो इ.स. ८५५ च्या सुमाराचा. पण त्या काळच्या एकाही कागदात तिचा उल्लेख नाही. गोष्ट पहिल्याने लिहिलेली सापडते ती साधारण १२५० साली, म्हणजे जवळजवळ चारशे वर्षांनी, झाँ द माइई नावाच्या एका साधूच्या बखरीत. तिथे तिला नावसुद्धा नाही, आणि काळ सांगितला आहे तो १०९९ च्या आसपासचा. त्यानंतर मार्टिन नावाच्या दुसऱ्या साधूने आपल्या बखरीत तिचे नाव ‘जॉन अँग्लिकस’ दिले, गाव माइन्झ दिले, तिचा प्रियकर तिला पुरुषवेषात अथेन्सला शिकायला घेऊन गेला असे सांगितले, आणि पोप लिओ चौथे यांच्यानंतर दोन वर्षे काही महिने ती गादीवर होती असे लिहिले. ही बखर सगळ्या युरोपात नकलली गेली आणि गोष्ट पक्की झाली.

अडचण अशी, की ही दोन वर्षे बसवायची कुठे? लिओ चौथे १७ जुलै ८५५ रोजी वारले. त्यांच्यानंतरचे पोप बेनेडिक्ट तिसरे. त्या बेनेडिक्टचे एक नाणे मिळाले आहे, त्यावर त्यांच्या नावाबरोबर सम्राट लोथार याचेही नाव आहे. आणि लोथार त्याच वर्षी सप्टेंबरअखेर वारला. मधे राहतात अडीच महिने. आपल्या चाळीतल्या खोलीत गोदरेजचे मोठे कपाट लावायचे म्हटले तर भिंत आधी मोजावी लागते. इथे तर भिंतच नाही. दुसरे असे, की कॉन्स्टँटिनोपलचा मुख्य धर्मगुरू फोटियस हा त्या काळी रोमचा कट्टर प्रतिस्पर्धी. रोमच्या गादीवर बाई बसली आणि रस्त्यात बाळंत झाली असती, तर त्याने ते साऱ्या जगाला ओरडून सांगितले असते. तो मात्र लिओनंतर बेनेडिक्ट असेच लिहितो.

चित्रपटात तर सर्जियसच्या पाठोपाठ जोन येते. प्रत्यक्षात सर्जियस दुसरे ८४७ साली वारले आणि पुढली आठ वर्षे लिओ चौथे होते. गोष्ट आटोपशीर व्हावी म्हणून चित्रपटवाल्यांनी आठ वर्षांचा एक अख्खा पोप गाळला. चित्रपटात अनास्तासियसने जोनला गाळले म्हणून आपण हळहळतो, आणि तेच चित्रपट लिओचे करतो, याची मला गंमत वाटली.

तेव्हा माझ्या समजुतीप्रमाणे जोन झाली नाही. ज्या भगिनींना ती खरी असावी असे वाटते त्यांचे मन मी जाणते. पण वाटण्याने होत नाही.

तरीही गोष्टीच्या खुणा मात्र शेकडो वर्षे दाखवत असत. रोममध्ये कलोसियम आणि सान क्लेमेंते या देवळाच्या मधली एक अरुंद गल्ली आहे. पोपची मिरवणूक ती गल्ली टाळून जाते, कारण तिथे हा प्रकार घडला, असे मार्टिनच्याच बखरीत आहे. सिएना गावच्या मोठ्या देवळात पोपांच्या मुखवट्यांची ओळ आहे, त्यांत जोनचाही मुखवटा होता; तो १६०० च्या सुमारास काढला गेला. आणि तिसरी खूण म्हणजे खुर्ची. जांभळट दगडाच्या दोन जुन्या खुर्च्या पोपच्या गादीवर बसण्याच्या विधीत वापरत. त्यांच्या बैठकीला मधोमध भोक आहे. जोनची फजिती झाल्यापासून नवा पोप पुरुषच आहे ना याची खातरजमा करण्यासाठी त्या ठेवल्या, असे लोक सांगत. खातरजमा कशी करत, ते मी भरसभेत सांगत नाही. मागे बसलेल्या भगिनी हसताहेत त्यांना समजले आहे. वास्तविक त्या खुर्च्या जुन्या रोमन काळातल्या. त्यातली एक आज व्हॅटिकनच्या संग्रहालयात आणि दुसरी पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात आहे. भोक आधी होते, गोष्ट मागून आली.

इथे एक नाजूक बाब बोलली पाहिजे. आपल्या आळीत वसईकडचे एक कॅथॉलिक कुटुंब आहे. त्या बाई चित्रपटाला आल्या होत्या. वादावादी चालू झाल्यावर त्या न बोलता कपबशा गोळा करू लागल्या, ते माझ्या नजरेतून सुटले नाही. पुढे मी वाचले तेव्हा कळले की या गोष्टीचा उपयोग सोळाव्या-सतराव्या शतकांत प्रॉटेस्टंट लोकांनी कॅथॉलिकांना टोमणे मारायला भरपूर केला. पण गोष्ट त्यांनी रचली नव्हती. झाँ आणि मार्टिन हे दोघेही कॅथॉलिक साधूच, आणि दोन-तीनशे वर्षे कॅथॉलिक लोकही ती खरी मानत होते. आणि ती खोटी आहे हे ठासून कोणी दाखवले? दाव्हीद ब्लाँदेल नावाच्या फ्रेंच पंडिताने, १६४७ साली. हा स्वतः प्रॉटेस्टंट! त्याच्या पक्षाच्या हातातले हे फार सोयीचे हत्यार होते, आणि ते त्यानेच मोडून टाकले. त्याचे लोक त्याच्यावर चिडले. मला या सगळ्या प्रकरणात तो माणूस फार आवडला. ही हकीकत मी त्या बाईंच्या घरी जाऊन सांगितली. त्या म्हणाल्या, “बाई पोप झाली नाही म्हणून मला काही वाटत नाही हो. पण आमच्यातल्या बायकांनी काहीच केले नाही असे कोणी समजू नये. मला लिहायला-वाचायला सिस्टरांनीच शिकवले.” हे बोलणे माझ्या मनात राहिले आणि पुढचा शोध त्यामुळेच घडला. त्याकडे येतेच.

खोटी असली तरी ही गोष्ट इतकी का टिकली, याचा विचार केला पाहिजे. तुम्ही तिची घडण पाहा. बाई हुशार, इतकी, की रोममध्ये तिच्या तोडीचा पुरुष नाही. हे बखरकार उघड लिहितात. पण ही हुशारी घेऊन ती बाई म्हणून कुठेच जाऊ शकत नाही, पुरुष होऊनच जाते. आणि शेवटी तिला उघडी कोण पाडते? वैरी नाही, पंडित नाही. तिची कूस! ती जिला आपण सुवासिनीच्या ओटीत नारळ घालून मान देतो, तीच इथे चहाडखोर ठरली. सांगणाऱ्यागणिक शिक्षा वेगळी. एकाने तिला घोड्याच्या शेपटीला बांधून फरफटत नेले आणि लोकांनी दगड मारले असे लिहिले. दुसऱ्याने तिला गल्लीतच मारून पुरले. मार्टिनच्या बखरीच्या एका नकलेत मात्र ती पुढे प्रायश्चित्त घेत जगते आणि तिचा मुलगा बिशप होतो. हा नकलनवीस आईच्या पोटचा म्हणायचा. पण बहुतेकांनी ती सांगितली ती ‘पाहा, बाई वर चढली की असे होते’ म्हणूनच.

चित्रपटाने या गोष्टीला नवे कपडे शिवले. जोन त्यात पापी नाही, ती दयाळू, न्यायी, शूर. चांगलेच केले. परंतु घडण तीच ठेवली. वेष तोच, गर्भ तोच, रस्ता तोच. पहिल्या तासात ती शिकण्यासाठी जिवाचे रान करते, तो तास उत्तम. मग गेरोल्ड आला की ग्रंथ बाजूला पडतात आणि डोळ्यांत पाणी, मिठ्या, निरोप असले सुरू होते. आणि पोप झाल्यावर तिने काय काय केले, कोणता कायदा बदलला, कोणाला कसा न्याय दिला, हे पाहायला मी सरसावून बसले तर चित्रपट संपतच आला! अडीच तासांच्या खेळात खुर्चीवर बसलेली बाई पाहायला मिळते ती दहा-पंधरा मिनिटे असावी असे मला वाटले. स्त्री मोठ्या पदावर बसली तर ती तिथे दिवसभर काम काय करील, हे दाखवण्याची चित्रपटवाल्यांना फुरसत नाही. ती पडते कशी, एवढे मात्र सावकाश दाखवतात.

शेवटचा तो बिशपही बाईच निघतो, त्याला पुष्कळ जणींनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. जोनने जिला शिकवले तिलाही पुन्हा मिशी-दाढीच्या जगात लपूनच राहावे लागले. मग शिकवून बदलले काय?

आता त्या वसईच्या बाईंच्या बोलण्याकडे वळते. मुलीला म्हटले, या जर्मनीच्या त्याच मुलखात उघडपणे बाई म्हणून धर्माच्या कामात मोठी झालेली कोणी आहे का ते शोध. तिने नाव काढले हिल्डेगार्ड. जन्म १०९८. तिचा मठ बिंगेन गावाजवळ, म्हणजे जोनच्या त्या इंगेलहाइमहून अगदी जवळ, एकाच ऱ्हाइन नदीच्या काठी. आणि योगायोग असा, की तिच्यावरही एक जर्मन चित्रपट त्याच २००९ सालात निघाला, ‘व्हिजन’ नावाचा. दिग्दर्शिका बाई, मार्गारेटे फॉन ट्रोटा. होऊन न गेलेल्या बाईचा चित्रपट दहा जणींनी ऐकलेला असतो, आणि होऊन गेलेल्या बाईचा मला विचारून शोधावा लागला.

हिल्डेगार्डला लहानपणीच घरच्यांनी धर्माला वाहिले. पुरुषांच्या मठाला लागून असलेल्या खोलीत, युट्टा नावाच्या तपस्विनीबरोबर ती वाढली. शिक्षण म्हणाल तर स्तोत्रे वाचण्यापुरते. ती स्वतःला अडाणी बाईच म्हणवत असे. युट्टा गेल्यावर ११३६ साली तिथल्या बायकांनी तिला आपली प्रमुख निवडले. तिला लहानपणापासून काही दृश्ये, तेज दिसत असे; ते लिहून काढ अशी आज्ञा झाली तेव्हा तिचे वय तिने स्वतः नोंदवले आहे, बेचाळीस वर्षे आणि सात महिने. भगिनींनो, बेचाळीस! मी हे वाचले तेव्हा वही बाजूला ठेवून थोडा वेळ बसून राहिले.

तिचे लिखाण ट्रिअर गावच्या धर्मसभेत पोप युजीन तिसरे यांच्यापुढे ठेवले गेले आणि त्यांनी मान्यता दिली. त्यानंतर तिला आपल्या साध्वी घेऊन वेगळा मठ करायचा होता. मठाचे महंत सोडीनात, कारण तिच्यामुळे मठाला नाव आणि पैसा दोन्ही येत होते. तेव्हा ती अंथरुणाला खिळली, काही केल्या उठेना. महंत स्वतः येऊन तिला उचलू लागले तर हलेना, असे सांगतात. शेवटी त्यांनी हात टेकले आणि ११५० च्या सुमारास ती रुपर्ट्सबर्गला आपल्या स्वतंत्र मठात गेली. हे अंथरुण धरणे आपल्याला नवीन नाही. पण आपल्यातल्या कोणी त्यातून मठ मिळवल्याचे ऐकले नाही! तिने औषधी वनस्पतींवर आणि रोगांवर लिहिले, गाणी रचली, बादशहांना आणि पोपांना खरमरीत पत्रे पाठवली, आणि साठीच्या घरात आल्यावर गावोगाव जाऊन धर्मगुरूंच्या समोर प्रवचने केली. पुरुषाचा वेष घेऊन नव्हे, साध्वीच्या वेषात.

तिची मला सर्वांत भावलेली गोष्ट शेवटच्या वर्षाची. धर्मबहिष्कृत झालेल्या एका माणसाला मठाच्या भूमीत पुरले होते. तो मरण्याआधी धर्मात परत आला होता, असे तिचे म्हणणे. माइन्झच्या अधिकाऱ्यांनी हुकूम काढला, प्रेत उकरून बाहेर टाका. ती ऐंशीची होती. तिने नकार दिला. तेव्हा मठात गाण्याला बंदी झाली, पूजेचे मंत्रही हळू आवाजात म्हणायचे. तिने बंदी पाळली, प्रेत मात्र हलवले नाही, आणि गाणे बंद करणाऱ्यांना परलोकात काय सोसावे लागेल ते पत्राने कळवले. ११७९ मध्ये बंदी उठली. मठात पुन्हा गाणे सुरू झाले आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला ती वारली. २०१२ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी तिला अधिकृतपणे संत म्हटले आणि धर्माच्या आचार्यांत तिची गणना केली. हा मान आजवर चारच स्त्रियांना मिळाला आहे.

ती पोप झाली नाही. होऊ शकलीच नसती. तो दरवाजा तेव्हा बंद होता आणि आजही आहे, आणि तो का बंद असावा यावर कॅथॉलिक स्त्रियाच आज बोलत आहेत, ते बोलणे त्यांचे. पण जोनच्या गोष्टीत दारात मेलेली बाई आहे, आणि हिल्डेगार्डच्या हकिगतीत शेजारी दुसरे घर बांधून राहिलेली.

‘व्हिजन’ची तबकडी माझ्या मुलीने मिळवली आहे. अध्यक्षीणबाईंची परवानगी असेल तर पुढल्या महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी दुपारी तीनला तो चित्रपट दाखवू. भाषा जर्मन आहे, खाली इंग्रजी अक्षरे येतात; ती वाचून अर्थ सांगायला मुलगी बसेल. चटया कमी पडतात, तरी प्रत्येकीने आपापली आणावी. एवढे बोलून मी माझे भाषण संपवते.